बदकाच्या आवाजातली वैनगंगा

एक बदक. जेवणाच्या टेबलावर, मिठाचा डबा आणि लोणच्याची बरणी यांच्या मधोमध. रोज सकाळी आठला बोलतं.

उजव्या पायाचा गमबूट. तळव्याला बोटभर भोक.

एक हजार मेमरी.

खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर पियुषच्या अक्षरात: खेळणं, वापरलेलं.

"त्या पायलटले विचारा ना, नागपूरले पाऊस आहे का म्हणून."

कांदे बारीक. बटाटे मोठे. दुधी सोलून.

लाल ऑइलपेंटचा अर्ध्या लिटरचा डबा.

दहा सेंटीमीटर. दहा सेंटीमीटर. दहा सेंटीमीटर. दहा. दहा. दहा.

*

प्रभाकरनं वैनगंगा एकतीस वर्षं मोजली. बालाघाटच्या घाटावर, पाण्यात उभ्या केलेल्या आकड्यांच्या खांबावर पाणी कुठवर आलंय ते वाचायचं, चढ चढून वायरलेसच्या खोलीत यायचं आणि माइकचं बटन दाबून आकडा सांगायचा. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. नदी मोजणाऱ्या त्या सरकारी खात्यात त्याच्यासारखे नदीकाठी जागोजागी बसलेले होते. खाली कंट्रोल नावाच्या ऑफिसात सगळ्यांचे आकडे एका रजिस्टरमध्ये जायचे आणि त्यावरून ठरायचं की कोणत्या गावाला घाबरवायचं.

१९९९ साली तो निवृत्त झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. त्याच्या जागी लामता गावचा पवन आला. सव्वीस वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला कमी. त्याला काम प्रभाकरनंच शिकवलं होतं, दोन महिने, जितकं शिकवणं गरजेचं होतं त्यापेक्षा थोडं कमी.

घाटावर मात्र प्रभाकरची एक वस्तू कायमची राहिली होती. पंपघराच्या भिंतीवर एक लाल आडवी रेषा, आणि तिच्यावर हिंदीत: उच्चतम बाढ़ स्तर, १९९४, ९.६० मीटर. प्रेक्षक: प्रभाकर. प्रेक्षक म्हणजे खात्याच्या भाषेत पाण्याची पातळी वाचणारा.

बालाघाटात भिंतीवर नाव असणारे लोक तसे बरेच. पण बाकीच्यांना निवडणुकीनंतर चुना फासला जातो.

*

आता १९९४ची गोष्ट, कारण ती प्रभाकर स्वतः कधी सांगत नसे.

पुरात दर तासाला आकडा द्यावा लागतो. त्या दिवशी सकाळी सहाला प्रभाकर घाटावर उतरला, खांबावर बरोबर नऊ मीटर वाचलं, आणि त्याच वेळी फाटक्या गमबुटात पाणी शिरलं. नव्या गमबुटासाठी त्यानं खात्याला तीन अर्ज केले होते. तिन्ही अर्जांना उत्तर एकच: मागणी नोंदवली आहे.

"नोंदवा मग," असं नदीलाच म्हणून तो वर आला, पाय पुसून खुर्चीवर बसला, आणि बारापर्यंत उठला नाही. नदी पहाटेपासून तासाला दहा सेंटीमीटर चढत होती. त्यानं तीच चाल पुढे चालवली. सातला नऊ-दहा. आठला नऊ-वीस. असं करत बाराला नऊ-साठ. नदीनं सहानंतर लगेच चढायचं सोडलं होतं, पण हे बालाघाट स्टेशनला कळवायची तिची जबाबदारी नव्हती. दुपारनंतर प्रभाकरनं पाणी हळूहळू उतरवलं. घाईत उतरवलं तर संशय येतो.

खालची गावं वेळेत हलली. कोणी वाहून गेलं नाही. खात्यानं त्याला प्रशस्तिपत्र दिलं आणि रजिस्टरमधला सगळ्यात मोठा आकडा बघून भिंतीवर रेषा मारायला रंगारी पाठवला. भिंतीवरची खरी ओल तोवर पावसानं धुऊन नेली होती.

सात वर्षं सगळं सुरळीत चाललं.

*

जून २००१. घाटावर लीलाबाईचं चहाचं दुकान: चार बल्ल्या, वर पत्रा, बाहेर वीतभर उतारावर एक बेंच. प्रभाकर तिथे रोज चहा घ्यायचा, रेषेकडे तोंड करून.

"बाबूजी," लीलाबाई म्हणाली, "तुमच्या रेषेनं मले बुडवलं. नदीनं नाही बुडवलं, तुम्ही बुडवलं."

"काहून? काय झालं?"

"वरून कागद आला. पावसाळा सरला का लाल रेषेच्या खालचे टपरे उठवणार. पवनबाबू पहिले रेषा तपासून पाहणार, अन् वायरलेसवर सांगणार का बराबर आहे म्हणून. मंग हटवा."

"बराबरच आहे ती."

"हौ? चौऱ्याण्णवले मी इथंच होती. पाणी या बेंचाच्या पायाले लागलं अन् वापस गेलं. तुमच्या रेषेच्या हिशोबानं मी गुडघाभर पाण्यात उभी राहून चहा उकळला पायजे होता."

"तुले काय समजते त्यातलं?"

"पाणी समजते, बाबूजी. रोज उकळते मी."

प्रभाकरनं अर्धा चहा तसाच ठेवला. वर जाऊन वायरलेसच्या खोलीत डोकावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय पवन, काय नवीन? काही कागद-बिगद?"

"बाबूजी, खात्यातलं बाहेर सांगाची मनाई आहे," पवन नम्रपणे म्हणाला. "तुम्हीच शिकवलं."

त्या दुपारी प्रभाकरनं सिंगापूरला फोन लावला.

*

पियुष त्याचा पुतण्या, तिकडे जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर होता. मागच्या दिवाळीत त्यानं सांगितलं होतं की तिकडे तळहातावर मावणारे रेडिओ मिळतात, स्कॅनर म्हणतात त्यांना, आकाशवाणीपासून विमानापर्यंत जे काही हवेतून जातं ते सगळं पकडतात.

"काका, दोन दिसून राह्यले," पियुष म्हणाला. "एकात हजार मेमरी आहे, म्हंजे हजार स्टेशनं ध्यानात ठेवते. मस्त पातळ आहे. दुसऱ्यात चारशेच मेमरी, जाडा आहे, महाग बी आहे. पण त्यात एसएसबी आहे."

"एसएसबी म्हंजे?"

"मले बी नाही माहीत. दुकानदार म्हणते, जहाजवाले घेतात."

"आपल्याकडे कुठं जहाज? सेल कोणते लागतात?"

"पेन्सिल सेल. हजारवाल्याले दोन, जाड्याले चार."

"आवाजाचं बटन गोल आहे का दाबाचं?"

"गोल. अन् बाजूले अजून एक आहे, स्क्वेल्च. खरखर बंद करते ते."

"घरात चालेल का?" प्रभाकरनं दबक्या आवाजात विचारलं, कारण बायको, प्रमोदिनी, स्वयंपाकघरात होती.

"काय म्हणता, काका?"

"काही नाही. हजारवाला पाठव."

एकतीस वर्षं एकाच फ्रिक्वेन्सीवर काढलेला माणूस, ज्याला ऐकायची होती तीच एक फ्रिक्वेन्सी, त्यानं एक हजार मेमरी मागवल्या. मधुमेह्यानं मिठाईचं दुकान टाकावं तसं ते झालं.

घरी त्यानं कारण वेगळं सांगितलं. "तो पवन घाटावर जातच नसेल, पाहा तू. घरी पलंगावर पडून आकडे ठोकत असेल. त्याले रंगेहाथ पकडतो. रिपोर्टच करतो."

प्रमोदिनीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हौ. पलंगावर पडून आकडे ठोकणं वाईटच."

*

ऐकू आलेल्या गोष्टी, जुलैअखेर ते १० ऑगस्ट:

आकाशवाणी. (त्यासाठी घरात आधीच रेडिओ होता.)

पस्तीस हजार फुटांवरून जाणारा एक पायलट. तो नागपूरशी बोलत होता. नागपूर काय म्हणालं ते ऐकू येत नव्हतं. प्रमोदिनीला हा प्रकार फार आवडला. नागपूरच्या वाटचं उत्तर ती देऊ लागली. पायलटनं आकडा सांगितला की ही, "बरं बरं, सांभाळून जा."

छोट्या लायनीच्या गाडीचा गार्ड, ड्रायव्हरला: "अरे भाई, रोक, एक आदमी छूट गया." थोड्या वेळानं: "चल, वो नहीं आ रहा, वो तो बीड़ी पी रहा है."

शेजारच्या टिकारामचा बिनवायरचा फोन. तो मेव्हण्याशी बोलत होता. दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकणं बरं नव्हे, म्हणून प्रभाकरनं बटन फिरवलं. मेव्हणा काय म्हणाला ते ऐकून झाल्यावर.

बदक.

*

असल्या यंत्राला परवाना लागतो हे प्रभाकरला नीट माहीत होतं. खात्याचाच माणूस तो. म्हणूनच पियुषनं खोक्यावर खेळणं लिहिलं होतं, आणि म्हणूनच स्कॅनर तांदळाच्या कोठीत असायचा आणि सकाळी पावणेआठला तांदूळ झटकून बाहेर यायचा. रबराचा आखूड अँटेना त्याच्या फ्रिक्वेन्सीला कुचकामी निघाला, तेव्हा त्यानं एक वायर गॅलरीतल्या कपडे वाळवायच्या तारेला जोडली. ती टिकारामनं पाहिली.

"काका, मोबाइल घेतला का? मंग एक कॉल गोंदियाले लावू द्या ना."

"मोबाइल नाही तो. नुसतं ऐकू येते त्यात."

"म्हंजे बिघडलेला?"

"माह्या नवऱ्यापेक्षा बरा आहे," आतून प्रमोदिनी म्हणाली. "ऐकते तरी."

पण ऐकू काय यायचं? आठच्या ठोक्याला, अगदी त्याच फ्रिक्वेन्सीवर, बदक. प्वाक प्वाक, प्वाप्वाक. चिडलेलं, नाक दाबलेलं, गळा धरलेलं बदक. मधूनच दुसरं बदक त्याला उत्तर द्यायचं. प्रभाकरनं स्क्वेल्च फिरवला, सेल बदलले, तार उंच केली, प्रमोदिनीच्या ओल्या साड्या तारेवरून उतरवून दारावर टाकल्या. बदकं तेवढी स्पष्ट झाली.

पियुषनं दुकानदाराला विचारून फोन केला. ते एसएसबी म्हणतात तेच हे, म्हणाला. वायरलेसवाले अर्धाच आवाज पाठवतात, ऐकणाऱ्या यंत्रानं बाकीचा भरून घ्यायचा असतो. जाडा रेडिओ भरून घेतो. पातळा घेत नाही.

प्रभाकर खुर्चीवर बसला. वायरलेसच्या खोलीतल्या जुन्या सेटवर एक लहान काळं बटन होतं. ते जरा इकडेतिकडे फिरवलं की समोरच्याचा घोगरा आवाज माणसाचा व्हायचा. एकतीस वर्षं त्यानं ते रोज फिरवलं आणि ते काय करतं हे एकदाही कुणाला विचारलं नाही. खात्यात विचारलं की ते काम आपल्याकडे येतं.

*

बदकाचा माणूस प्रमोदिनीनं केला.

ती सकाळी आपल्या ट्रान्झिस्टरवर श्रीलंकेच्या स्टेशनची जुनी गाणी ऐकायची. बारा ऑगस्टला नवरा टेबलावर बदकं घेऊन बसलेला पाहून ती ट्रान्झिस्टरसकट तिथेच येऊन बसली आणि काटा हळूहळू फिरवू लागली. गाणं सुटलं, शीळ वाजली, आणि त्या शिळेसरशी स्कॅनरमधून स्वच्छ आवाज आला:

"...तो बड़ी लड़की का रिश्ता सिवनी में देखा है. लड़का बिजली विभाग में है."

"मोतीलाल!" प्रभाकर ओरडला. "हात नको लावू! सोड! सोड म्हणतो तो रेडिओ!"

मोतीलाल हा नदीच्या वरच्या अंगाच्या एका स्टेशनवरचा ऑपरेटर. पंचवीस वर्षं प्रभाकर त्याच्याशी दिवसातून तीनदा बोलला होता.

झालं होतं असं की प्रत्येक रेडिओ ऐकता ऐकता स्वतःही आतल्या आत थोडा गुणगुणतो. प्रमोदिनीचा ट्रान्झिस्टर एका विशिष्ट जागी गुणगुणला की त्या गुणगुणण्याचा आधार स्कॅनरला मिळायचा, आणि अर्धा आवाज पुरा व्हायचा. अडचण एवढीच की ती जागा गाण्यांपासून केसभर बाजूला होती. म्हणजे एका वेळी एकच: एकतर प्रमोदिनीची गाणी, नाहीतर प्रभाकरचा मोतीलाल.

वाटाघाटी दोन दिवस चालल्या. आठ ते साडेआठ ट्रान्झिस्टर प्रभाकरचा. त्या बदल्यात त्या वेळात सकाळची भाजी प्रभाकरनं चिरायची. कशी चिरायची हे प्रमोदिनी सांगणार.

*

१५ ऑगस्ट. दुधी. पवन: तीन मीटर चाळीस. प्रभाकर साडेआठला घाटावर जाऊन स्वतः वाचून आला. तीन चाळीस. सणाच्या दिवशीही.

१६ ऑगस्ट. कांदे. पवन: तीन पंचावन्न. घाटावर: तीन पंचावन्न. लीलाबाई म्हणाली, "पवनबाबू तर साडेसातलेच येऊन गेले, छत्री उलटी झालती त्याइची." प्रभाकरला फार वाईट वाटलं.

१८ ऑगस्ट. भेंडी. चिकट हातानं ट्रान्झिस्टरचा काटा हलला, तीन मिनिटं बदक. पवन: चार दहा. घाटावर: चार दहा.

२० ऑगस्ट. कांदे. कंट्रोलनं सगळ्यांचे आकडे घेतले आणि निघून गेलं. त्यानंतर दहा मिनिटं ऑपरेटर लोक आपसात बोलतात. हे नियमात बसत नाही, पण ते बंद केलं असतं तर निम्म्या खात्याच्या मुलींची लग्नं राहिली असती.

मोतीलाल: "पवन, तुम रोज़ सच में नीचे उतरते हो?"

पवन: "उतरना तो पड़ता है, दादा."

मोतीलाल: "हमारे प्रभाकर बाबू तो ऊपर बैठे-बैठे नदी चढ़ा देते थे. चौरानवे में छह घंटे, हर घंटे दस सेंटीमीटर. न नौ, न ग्यारह. हम तो तभी समझ गए थे. नदी इतनी अनुशासित नहीं होती."

पाच-सहा स्टेशनांवरून पाच-सहा माणसं हसली. त्यातला एक बदकासारखाच हसत होता, पण तो त्याचा मूळ आवाज होता.

प्रभाकर कांदा चिरत राहिला.

"काय म्हणून राह्यला तो?" प्रमोदिनीनं विचारलं.

"हवामान."

"मले हिंदी समजते," ती म्हणाली. "अन् त्या दिवशी तुम्ही जेवाले घरी आले तवा पाय कोरडे होते तुमचे. भर पुरात. मी काय आज ओळखते तुम्हाले?"

"मंग सात वर्षं बोलली काहून नाही?"

"प्रशस्तिपत्र फ्रेम करून आणलं होतं ना तुम्ही. खिळा मीच ठोकला होता. बारीक चिरा, तुकडे नका करू."

*

आता काय ऐकायचं होतं ते अगदी स्पष्ट झालं होतं. पवनची लबाडी पकडायची हे सोंग गळून पडलं. पवन रेषा कधी तपासतो आणि वर काय सांगतो, एवढंच.

सत्तावीस तारखेला कंट्रोलनं सांगितलं: रेड लाइनचं व्हेरिफिकेशन उद्या सकाळपर्यंत पाठवा. त्या संध्याकाळी प्रभाकर घाटावर गेला नाही. खिडकीतून त्याला पवन दिसला, गवंड्यांकडे असते तशी पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी खांद्यावर टाकून घाटाकडे चाललेला. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. ते कुणाची नोकरी, कुणाचं प्रशस्तिपत्र बघत नाही.

रात्रभर त्यानं आपली बाजू मांडली. छताला. गमबूट, तीन अर्ज, खालची गावं वाचली हे. छतानं मागणी नोंदवून घेतली.

अठ्ठावीस ऑगस्ट, आठ वाजता. बटाटे मोठे.

"बालाघाट, बालाघाट. रेड लाइन?"

प्रभाकरच्या हातात अर्धा बटाटा.

"रेड लाइन वेरिफाइड," पवनचा आवाज आला. "नौ दशमलव छह शून्य. सही है."

प्रमोदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बटाट्याकडे.

कंट्रोल गेलं. लगेच मोतीलाल: "सच में सही है?"

"कहाँ सही है, दादा. साठ सेंटीमीटर ज़्यादा है. लीलाबाई के बेंच से नली लगाकर देखा."

"तो फिर?"

"तो क्या. दुकान तो चार आदमी उठाकर ऊपर रख देंगे. बाबूजी का नाम कौन उठाएगा?"

कुणी हसलं नाही. ते प्रभाकरला हसण्यापेक्षा जास्त लागलं. बसमध्ये एखाद्यानं उठून 'बसा आजोबा' म्हणावं, आणि आपले पाय तर ठणठणीत असावेत, तसं काहीसं. त्याला जे हवं होतं ते एका वाक्यात मिळालं होतं. रेषा वाचली. आणि पवन खोटा आकडा सांगताना पकडला गेला. दोन्ही.

"चूक!" तो स्कॅनरवर ओरडला. "चूक आकडा आहे! करेक्शन द्या!"

स्कॅनरमध्ये बोलायची सोय नव्हती. हजार मेमरी, आणि एक तोंड नाही.

"कोणाले सांगून राह्यले?" प्रमोदिनी म्हणाली. "चप्पल घाला अन् जा."

*

बाराला दहा कमी असताना तो वायरलेसच्या खोलीत शिरला. पवन उठून उभा राहिला. खुर्ची तीच होती.

"पवन, करेक्शन दे."

"कायचं, बाबूजी?"

"सकाळी एअरवर खोटा आकडा दिला तू. चूक आकडा गेला का त्याच दिवशी त्याच स्टेशनवरून दुरुस्ती जाते. शिकवलं होतं ना मी तुले?"

"हे नव्हतं शिकवलं," पवन म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "पण तुम्हाले कसं मालूम? मी तर... कोणं सांगतलं?"

"बदकानं."

"बाबूजी, रेषा तुमचीच आहे. तुमच्याचसाठी..."

"म्हणून तर. माह्यासाठी खोटं बोलाचं असलं तर मी बोलीन. मले सराव आहे."

"मी नाही देत करेक्शन. वरून चौकशी लागली तर? तुम्हाले त्रास होईन."

"सरक."

पूर्वी आठला एक मिनिट कमी असताना जसा हात जायचा तसाच माइकवर हात गेला. दुसऱ्या हातानं त्यानं ते लहान काळं बटन जरा फिरवलं, या वेळी ते काय करतं हे माहीत असताना.

"कंट्रोल, कंट्रोल, बालाघाट. करेक्शन है."

पलीकडे कुणी नवी मुलगी होती. "बालाघाट, आवाज़ अलग है. कौन बोल रहे हैं?"

"प्रभाकर."

"कौन प्रभाकर?"

पवन खाली बघू लागला. प्रभाकरनं बटन दाबलेलंच ठेवलं. एकतीस वर्षं, दिवसातून तीनदा. कौन प्रभाकर.

बटन सुटलं, आणि मोतीलाल मध्ये घुसला. "कंट्रोल, यही प्रभाकर हैं. आवाज़ की गारंटी मेरी. आज पहली बार सच बोलने आए हैं, पेन उठाओ, लिख लो."

"मोतीलाल, तू चुप बैठ," प्रभाकर म्हणाला, आणि मग घडाघडा: "कंट्रोल, रेड लाइन का करेक्शन. साल उन्नीस सौ चौरानवे. नौ दशमलव छह शून्य गलत. नौ दशमलव शून्य शून्य सही. सुबह छह बजे के बाद का सब रीडिंग बिना देखे दिया था. ओवर."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज.

"कारण बताइए."

"गमबूट."

"रिपीट?"

"गमबूट. ग गणेश का, म मछली का, बूट पैर का. फटा हुआ था. तीन आवेदन दिए थे, तारीख सहित याद हैं. बोलूँ?"

"कारण में गमबूट लिखूँ?"

"लिखिए."

"दर्ज कर लिया," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, नियमात नसलेलं: "सर, चौरानवे का रजिस्टर तो यहाँ दीमक खा गई. आप नहीं बताते तो किसी को पता नहीं चलता."

"अब बता दिया ना," प्रभाकर म्हणाला. "ओवर एंड आउट."

घरी प्रमोदिनीनं पहिला प्रश्न विचारला: "म्हंजे माहा रेडिओ मोकळा झाला का?"

"हौ."

तिनं काटा केसभर सरकवला आणि गाण्याला अजून अठरा तास होते म्हणून बंद केला.

*

चौकशी लागली नाही. एक कागद आला, त्यात 'मानवीय त्रुटि' असा शब्द होता, आणि सही कुणाची ते वाचता येत नव्हतं. रेषा खाली घ्या, असा हुकूम. रंगाऱ्यासाठी तरतूद नाही, असंही.

म्हणून रेषा पवननं मारली. सप्टेंबरचं ऊन होतं. नळीचं एक टोक लीलाबाईच्या बेंचापाशी, तिच्याच हातात; दुसरं पंपघराच्या भिंतीला, प्रभाकरच्या हातात.

"हलवू नका, बाबूजी."

"मी हलवून नाही राह्यलो. तीच हलवून राह्यली."

"मी?" लीलाबाई म्हणाली. "मी सात वर्षं इथंच आहे. तुमची रेषाच फिरून राह्यली."

पवननं जुनी रेषा खरवडली, नवी साठ सेंटीमीटर खाली मारली. ती लीलाबाईच्या दुकानाच्या जमिनीखाली वीतभर राहिली. डब्यात रंग थोडासाच उरला. पवन ब्रश हातात धरून थांबला.

"नाव काय लिहू?"

प्रभाकरनं नळीतली पातळी पुन्हा एकदा पाहिली.

"नऊ मीटर तर तुम्हीच वाचलं होतं ना, सहाले?" पवननं विचारलं. "खाली उतरून?"

प्रभाकरनं जरा विचार केला. एवढी वर्षं त्या नऊ मीटरची त्याला आठवणच राहिली नव्हती.

"हौ," तो म्हणाला. "वाचलं होतं. पाण्यात उभं राहून."

"मंग तुमचंच येते." पवन खाली वाकून लिहू लागला. अक्षर त्याचं रंगाऱ्यापेक्षा वाईट होतं. 'प्रेक्षक'मधला क्ष दोनदा पुसावा लागला.

"झालं का तुमचं?" लीलाबाईनं नळी सोडली, टोकातलं पाणी बेंचावर सांडलं. "या आता. चहा तीन करते. हा बेंच पुसून घ्या पहिले."

आपली रेषा मारली जाताना प्रभाकरनं आज पहिल्यांदाच पाहिली. १९९४ साली पहिली रेषा रंगवली गेली त्या दिवशी तो बालाघाटात नव्हता. दाढ काढायला तो गोंदियाला गेला होता.